शिफ्ट संपली, नाडी मात्र ड्युटीवरच

पत्र: मी ४१ वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे. सेकंड शिफ्ट तीन ते साडेअकरा. कंपनीच्या बसने भोसरीला घरी पोचायला सव्वाबारा होतात. जेवून पावणेएकला आडवा होतो, पण अडीचच्या आत डोळा लागत नाही. अंग पार मोडून आलेलं असतं, तरी छातीत धडधड, जबडा आवळलेला, पोट गच्च. पडल्यापडल्या घड्याळ ८८ ठोके दाखवतं, एचआरव्ही २४, आणि वर ‘स्ट्रेस हाय’ असा इशारा. बीपी आणि ईसीजी नॉर्मल आहेत. वडिलांना शुगर आहे, माझी अजून तपासलेली नाही. रील्सवर ‘पॅरासिम्पथेटिक ऑन करा’ म्हणून बरंच पाहिलं: बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवा, मान चोळा, दीर्घ श्वास घ्या. दीर्घ श्वासाने उलट चक्कर आली आणि बोटांना मुंग्या आल्या. रात्री नऊचा चहा लागतोच. बसमध्ये तंबाखूची चिमूट असते. कधीकधी सर्दीची गोळी घेतो, तिने झोप येते. सकाळी सातला मुलीच्या व्हॅनसाठी उठावंच लागतं. ही सिस्टीम ऑन करायची तरी कशी? आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यात काय करू?
— एक वाचक, भोसरी

उत्तर:

परानुकंपी चेतासंस्था, म्हणजे तुमच्या रील्समधली पॅरासिम्पथेटिक, शरीराला शांत करणाऱ्या नसांची व्यवस्था, तुमच्या अंगात आत्ताही चालूच आहे. तोंडात लाळ आहे, दिव्याकडे पाहिलं की डोळ्याची बाहुली बारीक होते, नाडी शंभराच्या खाली आहे, ही सगळी तिचीच कामं. तुमची अडचण ती बंद पडल्याची नाही. शिफ्ट संपल्यावर तिच्या आड तुम्ही स्वतःच चार-पाच गोष्टी आणून ठेवता, तेही दमणूक घालवण्याच्या हेतूने. त्यामुळे या उत्तरात करायच्या गोष्टी थोड्या आणि थांबवायच्या जास्त आहेत.

हृदयापासून सुरुवात करू, कारण धडधड तिथली. हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तोच ठोके पाडतो. सगळ्या नसांपासून त्याला वेगळा काढला तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. आपली नाडी निवांत बसल्यावर ६५-७० असते, कारण मेंदूतून निघणारी दहावी नस, व्हेगस, त्याचा लगाम सतत धरून असते. जिना चढताना पहिल्या काही पायऱ्यांवर नाडी वाढते ती मुख्यतः हा लगाम सैल सोडल्यामुळे. ॲड्रेनलिनचा जोर मागाहून येतो. पडल्यापडल्या ८८ याचा अर्थ लगाम बराच सैल आहे आणि दुसरीकडून, म्हणजे ताणाच्या वेळी अंगाला धावायला लावणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेकडून, थोडी टाचही मारली जाते आहे.

व्हेगसची नस टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेडकांच्या दोन हृदयांवर ते दाखवून दिलं. एका हृदयाच्या व्हेगसला विजेचा हलका धक्का दिला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. पुढे १९३६ चं नोबेल हेन्री डेल आणि लोवी यांना मिळून मिळालं. प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली होती, असं लोवी सांगत. पहिल्या रात्री अर्धवट जागेपणी केलेलं टिपण सकाळी वाचताच आलं नाही, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचल्यावर त्यांनी तडक प्रयोगशाळा गाठली. तुम्ही मात्र मध्यरात्री सुचलेलं कागदावर लिहा आणि पडून राहा.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. ॲसिटिलकोलीन हृदयावर एका-दोन ठोक्यांत परिणाम करतं आणि तितक्याच झटकन मोडलं जातं. विरुद्ध बाजूचं तसं नाही. रक्तातलं ॲड्रेनलिन निम्मं व्हायला दोन-तीन मिनिटं पुरतात, पण कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं रसायन निम्मं व्हायला तास-दीड तास लागतो. सव्वाअकराला कन्व्हेयर अडकला, तुम्ही धावलात, प्रॉडक्शनवाल्याशी दोन शब्द झाले, तर त्याचा अंमल साडेबारापर्यंत अंगात राहणारच. तेवढ्यात बसमध्ये तोच विषय मेंटेनन्सच्या ग्रुपवर पुन्हा उघडला, की घड्याळ परत शून्यापासून सुरू.

आता हिशेब करा. सकाळच्या शिफ्टचा माणूस साडेतीनला सुटतो आणि दहा-अकराला झोपतो. मधले सहा-सात तास त्याला उतरायला मिळतात. तुम्ही सुटल्यावर सव्वा तासाने झोपेची अपेक्षा धरता आणि ती आली नाही की कूस बदलत घड्याळ बघत बसता. सव्वा वाजता झोप लागली तर ते उत्तम मानायचं, असं आधी ठरवा. पावणेएकला गादीवर जाणं बंद. झोप न येता दोन तास तळमळण्याची सवय लागली की गादी दिसली तरी मेंदू जागा होतो.

श्वासाकडे वळू, कारण सगळ्यांत सरळ हात तिथेच पोचतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतलात तर हे जाणवतंही. श्वास सोडताना व्हेगसचे संदेश हृदयाकडे जोरात जातात, म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवायचा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास ठेवले, म्हणजे एक फेरा दहा सेकंदांचा केला, तर रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही साधारण त्याच लयीत हेलकावे घेत असल्याने दोन्ही जुळतात आणि परिणाम ठळक होतो. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे फुप्फुसं, हृदय आणि आतड्यांची खबर मेंदूकडे नेणारे असतात. श्वासाची लय मेंदूला कळते ती बरीचशी याच वाटेने.

तुम्हाला चक्कर आली ती ‘दीर्घ’ श्वासाने नव्हे, मोठ्या श्वासाने. छाती भरभरून आणि भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं. रक्त किंचित अल्कधर्मी झाल्याने त्यातलं मोकळं कॅल्शियम उतरतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. माणूस घाबरतो, आणखी जोरात श्वास घेतो, धडधड वाढते. रील्समध्ये छाती फुगवून दाखवणारे हे कधीच सांगत नाहीत.

करायचं ते असं. पाठीला टेकू देऊन बसा, नाहीतर दोन उशा घेऊन अर्धवट रेला. एक हात बेंबीच्या वर. तोंड बंद, श्वास नाकाने. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. आत घेतलेला श्वास रोजच्या श्वासाएवढाच, फार तर किंचित मोठा. शेजारी बसलेल्याला आवाज ऐकू आला तर तो मोठा झाला समजा. पोटावरचा हात थोडा उचलला जावा, खांदे वर येऊ नयेत. सोडताना पोट आत खेचून हवा ढकलायची नाही, ती आपसूक जाऊ द्यायची. मध्ये रोखून धरायची गरज नाही. दहा सेकंदांचा फेरा जड गेला, हवा कमी पडते असं वाटलं, तर तीन आत आणि चार बाहेर इथून सुरू करा आणि आठवड्याने वाढवा. एकूण दहा मिनिटं. चक्कर किंवा मुंग्या जाणवल्या तर श्वासाचा आकार लहान करा, मोजणी सोडा, मिनिटभर नेहमीसारखा श्वास चालू द्या.

आकडे मोजल्याने जागरूकता वाढणारेही लोक असतात, आणि मशीनचे सायकल टाइम मोजणारा माणूस त्यात असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर भ्रामरी करा. नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून, दात एकमेकांना न लावता, बारीक गुंजारव करायचा. आवाज निघतोय तोवर श्वास आपोआप हळू सुटतो, मोजावं लागत नाही. सुरुवातीला सहा-सात फेरे पुरेत. बोट कानात खुपसायचं नाही. कानाच्या भोकासमोरचा कूर्चेचा उंचवटा हलकाच दाबायचा. गळा खवखवला तर आवाज फार मोठा होतो आहे. आपल्याकडे योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहायचं काम लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच सुरू केलं, त्यामुळे यासाठी परदेशी ॲपची वर्गणी भरण्याचं कारण नाही. आणखी एक: काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आणखी आवळल्यासारखी वाटते. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि पंख्याचा आवाज किंवा तळपायांचा गादीला होणारा स्पर्श यावर लक्ष ठेवावं.

हे घरी आल्यावर करायचं ठरवलंत तर होणार नाही. जेवण, अंघोळ, बायकोशी दोन शब्द यांत ते राहून जाईल. बस ही त्याची जागा. पहिली दहा मिनिटं गप्पा झाल्या की मोबाईल बॅगेत टाका आणि मोशी येईपर्यंत डोळे मिटून चार-सहा करा. डुलकी लागतेय असं वाटलं तर मात्र सरळ बसा. बसमध्ये वीस मिनिटांची झोप झाली की घरी आणखी अर्धा तास ताटकळाल.

त्याच बसमधली तंबाखूची चिमूट हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत ठळक दोष आहे. तंबाखूने शांत वाटतं, कारण निकोटिनची तलफ भागते. शरीरात मात्र निकोटिन ॲड्रेनलिन मोकळं करतं, नाडी आणि रक्तदाब चढवतं, आणि रक्तातून निम्मं व्हायला त्याला सुमारे दोन तास लागतात. पावणेबाराची चिमूट पावणेदोनला अर्धी शिल्लक असते. झोप कधी लागते म्हणालात? अडीचला. तोंडाच्या कॅन्सरचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, पुडीवर चित्रच असतं. त्याच पुडीवर १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठीचा मोफत नंबरही असतो. एकदम जमत नसेल तर निदान शेवटची चिमूट आठच्या आत, आणि बसमध्ये तोंडात बडीशेप किंवा लवंग.

नऊच्या चहाचंही तसंच. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. नऊच्या कपातलं निम्मं कॅफिन दोन वाजता अंगात असतं. शेवटचा चहा सहाच्या ब्रेकला घ्या. नऊला डोळे जड होत असतील तर त्याचं कारण सकाळची अपुरी झोप आहे, ते पुढे येईलच. व्हेंडिंग मशीनची कॉफी चहापेक्षा कडक पडते, तिच्यासाठी सहाच्याही आधीची वेळ.

सर्दीच्या गोळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा उपाय फार घरांत चालतो आणि कुणाला तो औषध वाटतच नाही. अशा गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं. त्याने गुंगी येते हे खरं. पण ते ॲसिटिलकोलीनच्या काही जागाही अडवतं, म्हणजे व्हेगस जे रसायन वापरते त्याच्याच वाटेत उभं राहतं. नाक सुकतं ते त्यामुळेच. तोंडही सुकतं, आतडी मंदावतात, पोट गच्च होतं, शौचाला जोर करावा लागतो, वयस्कर पुरुषांना लघवी अडकते. वर अनेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. शरीर शांत करायचं म्हणून शांत करणाऱ्या नसांनाच अडवणारी गोळी घ्यायची, असा हा उलटा व्यवहार आहे. सर्दी नसताना ती घेऊ नका. दम्याचा पंप, थायरॉईडची किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तिचाही नाडीवर परिणाम होऊ शकतो. मात्र ती मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

पोट. लाळ सुटणं, जठर घुसळणं, आतडी पुढे ढकलणं हे परानुकंपीचं दिवसभराचं काम. आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि मूत्राशयाला मात्र व्हेगस पोचत नाही. तिथल्या नसा कण्याच्या पार खालून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून येतात. ताणात असताना वरची बाजू मंदावते, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही सव्वाबाराला भाजी-भाकरी, आमटी-भात असं पूर्ण ताट रिचवून अर्ध्या तासात आडवे होता. गच्चपणा आणि करपट ढेकरा यायला आणखी काही लागत नाही. भरल्या पोटी नाडीही काही ठोके वरच राहते आणि अंगाचं तापमान उतरायला वेळ लागतो. मुख्य जेवण कॅन्टीनमध्ये आठला करा, तिथलं आवडत नसेल तर डबा न्या. घरी आल्यावर भूक असेल तर वाटीभर मऊ भात आणि ताक, किंवा अर्धी भाकरी आणि दूध. मग घरातल्या घरात किंवा गॅलरीत दहा मिनिटं शतपावली, तीही रमतगमत. काही सुपरवायझर शतपावलीसुद्धा टार्गेट असल्यासारखी घालतात. डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ कमी होते.

अंघोळ घरी शिरल्याशिरल्या. पाणी ४०-४२ अंशांचं, म्हणजे हाताला छान गरम पण चटका न बसणारं, दहा मिनिटं. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि पुढच्या तास-दीड तासात शरीराचं आतलं तापमान उतरतं. झोप लागायला ते उतरावं लागतं. अगदी झोपण्याआधी कढत पाणी घेतलं तर उलट होतं. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी हवीच. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी माणसं दगावतात.

जबड्याची गोष्ट थोडी निराळी. जबडा, खांदे, मांड्या यांच्या स्नायूंवर परानुकंपीचा ताबा नसतो, ते तुमच्या इच्छेने चालतात. पण आवळलेला स्नायू मेंदूला सतत ‘काम चालू आहे’ असं कळवत राहतो. नुसतं ‘सैल सोड’ म्हणून तो सुटत नाही, आधी मुद्दाम आवळून मग सोडला की फरक कळतो. गादीवर शवासनात पडा. पावलं पुढे ताणून पाच सेकंद आवळा, मग वीस सेकंद सोडून द्या. तसंच पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे कानांकडे, शेवटी डोळे आणि कपाळ. निम्म्याच ताकदीने, नाहीतर पोटरीत गोळा येतो. जबडा आवळायचा नाही, त्याने दिवसभर तेच केलंय. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा, ओठ मिटलेले, वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटे. सकाळी कानशिलं दुखत असतील किंवा दातांच्या कडा झिजल्या असतील तर दंतवैद्याला दाखवा, रात्री दात खात असाल.

डोक्यात चालणाऱ्या ब्रेकडाउनसाठी शिफ्ट हँडओव्हरचाच उपयोग करा. निघण्याआधी वहीत तीन ओळी: काय राहिलं, कुणाच्या गळ्यात आहे, उद्या किती वाजता पाहायचं. ते लिहून सही झाली की ग्रुप म्यूट. खरोखर प्लांट थांबला तर फोन येतोच, मेसेज कुणी करत बसत नाही. घरातली मोठी ट्यूबलाइट लावू नका, एखादा पिवळा छोटा दिवा पुरे.

रील्समधले बाकीचे दोन उपाय. थंड पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला की नाडी उतरते हे खोटं नाही, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत दिसणारा हा प्रतिक्षेप माणसातही असतो. पण तो सेकंदांपुरता असतो, आणि बर्फाच्या पाण्याने अंगाला बसणारा झटका आधी अनुकंपीलाच जागं करतो. रात्री एकला झोपू पाहणाऱ्याने ते कशाला करायचं? हृदयाचा ताल बिघडण्याची तक्रार असलेल्याने तर घरी मुळीच करू नये. मान चोळणं त्याहून वाईट. जबड्याखाली जिथे ठोका लागतो तिथे रक्तदाब मोजणारी जागा असते. डॉक्टर ती दाबतात ती ईसीजी लावून, एकाच बाजूची, आणि आधी धमनीचा आवाज ऐकून. घरी दाबाल तर घेरी येऊन पडू शकता, आणि धमनीत चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो.

घड्याळ. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं याचा आकडा म्हणजे एचआरव्ही. व्हेगस जोरात असेल तर अंतर जास्त बदलतं, एवढं बरोबर. पण वय, झोपण्याची बाजू, मनगटाचा पट्टा सैल की घट्ट, घड्याळाची कंपनी, सगळ्याने आकडा हलतो. तुमचा २४ आणि मित्राचा ६० यातून काहीच सिद्ध होत नाही. स्ट्रेसचा इशारा बंद करा, कारण तो वाचूनच नाडी वाढते. दोन आठवड्यांनी फक्त झोपेतली सर्वांत कमी नाडी पाहा. ती चार-पाच ठोक्यांनी उतरली आणि रात्रीच्या पूर्वार्धातच उतरू लागली, तर चहा, तंबाखू आणि जेवण यांतले बदल लागू पडताहेत. दारू घेतलेल्या रात्री ती वरच राहते. पेगने डोळा लवकर लागतो, पण पहाटेच्या झोपेची चाळण होते.

सातला उठणं टळत नसेल तर झोपेचे दोन तुकडे करा. व्हॅन गेली की चहा न घेता परत आडवे व्हा, खिडकीला जाड पडदा, आणि नऊपर्यंत झोपा. सव्वा ते सात आणि साडेसात ते नऊ, मिळून सव्वासात तास होतात. पहिला चहा नऊनंतर. मग आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. निवांतपणीची नाडी कायमची खाली आणायला याच्यासारखं दुसरं काही नाही, मात्र फरक दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. मध्यरात्री जिम नको.

तपासण्यांपैकी शुगर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन या महिन्यात करून घ्या. वडिलांना मधुमेह आहे म्हणून शुगर विशेष महत्त्वाची, कारण बरीच वर्षं वाढलेली शुगर या नसांनाच इजा करते. तशी इजा झाली की निवांत असताना नाडी नव्वद-शंभरवर अडून राहते, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, उठून उभं राहताना अंधारी येते. डॉक्टरांकडे यासाठी एक साधी चाचणी असते: ईसीजी लावून मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावतात आणि श्वास घेताना-सोडताना नाडीत किती फरक पडतो ते पाहतात. १५ किंवा अधिक ठोक्यांचा फरक ठीक मानतात, १० किंवा त्याहून कमी असेल तर नसा दुखावल्याचा संशय. वयाप्रमाणे हा फरक कमी होतो, तेव्हा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड, किंवा पडून असतानाही शंभराच्या वर टिकणारी नाडी, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहायची नाही. घोरताना श्वास अडतो असं घरचे सांगत असतील तर झोपेची तपासणी लागेल, तिथे श्वसनाचा कुठलाही व्यायाम पुरा पडणार नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त मन उदास किंवा सतत धास्तावलेलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीतही बोलता येतं.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात क्रम उलटा होतो. रात्री कामावर निघण्याआधी, आठ ते साडेनऊ, दीड तास झोप काढा. चहा दोनच्या आत, नंतर पाणी. पहाटे तीन ते पाच अंगाचं तापमान सर्वांत खाली असतं आणि लक्षही, म्हणून लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून लावलेलं कुलूप आणि पाटी, त्या वेळात एकट्याने तपासू नका, दुसऱ्याला पाहायला लावा. परतताना बसमध्ये चार-सहा तसंच. घरी आल्यावर अंघोळ, एक केळं किंवा वाटीभर पोहे, मुलीची व्हॅन, आणि आठच्या सुमारास अंधाऱ्या खोलीत गादी. बँक, वाणसामान, लाइटबिल ही कामं दुपारी दोननंतर. बसस्टॉपवरून घरापर्यंत बाईक असेल तर त्या आठवड्यात ती घरीच ठेवा आणि चालत या.